भाऊसाहेब निंबाळकर ४४३* : फलकाचा मजकूर तपासून द्या

बिंदूचौकी

मंडळी, पेठेतल्या वाचनालयाच्या भिंतीवर क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांच्या माहितीचा फलक लावायचा आहे. पत्रा ६ बाय ४ फूट, पेंटर हातानं रंगवणार. मंगळवारी मजकूर त्याच्या हातात द्यायचाय. एकदा रंगला की पुढची दहा वर्षं तोच राहणार, म्हणून आत्ताच चुका काढा. मसुदा असा :

१) जन्म कोल्हापूर, १२ डिसेंबर १९१९. निधन कोल्हापूर, ९३ व्या वाढदिवशी.
२) १९४८ साली पुण्यात नेहरू स्टेडियमवर सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ४४३.
३) ब्रॅडमनचा विक्रम मोडायला फक्त ९ धावा कमी पडल्या.
४) प्रथम श्रेणीत जगातली दुसऱ्या क्रमांकाची खेळी.
५) कसोटी न खेळता ४०० धावांची खेळी करणारे जगातले एकमेव फलंदाज.
६) भारतातर्फे एक कसोटी.
७) निवड समितीच्या अन्यायाचे बळी.

जुनी_धाववही

पाच आणि सहा एकमेकांना खोटं पाडतायत, हे आधी बघा. पाचव्यात कसोटी न खेळलेले म्हणताय, सहाव्यात एक कसोटी देताय. खरं असं की अधिकृत कसोटी एकही नाही. १९४९-५० मध्ये पहिला राष्ट्रकुल संघ भारतात आला होता, त्याच्याविरुद्ध ते एक अनधिकृत कसोटी खेळले. फलकावर 'अनधिकृत' लिहायचं नसेल तर ओळच काढा.

आता बाकीचं क्रमानं.

निधन ११ डिसेंबर २०१२. म्हणजे ९३ पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. 'वाढदिवशी' काढा.

सौराष्ट्र नव्हे, काठियावाड. संस्थानं एकत्र होऊन सौराष्ट्र हे राज्य १९४८ च्या सुरुवातीलाच झालं होतं, पण त्या हंगामात रणजी करंडकात उतरलेला संघ काठियावाड याच नावानं खेळला. सौराष्ट्र या नावाचा संघ नंतरचा. जुन्या धावफलकावर जे नाव, तेच फलकावर.

नेहरू स्टेडियम तेव्हा नव्हतंच. नुसतं 'पुणे' लिहा, पुरतं.

नऊ की दहा, यावर खाली वेगळं लिहितो. सगळीकडे तीच चूक असते.

जुनी_धाववही

ब्रॅडमन नाबाद ४५२. भाऊसाहेब नाबाद ४४३. फरक ९. नऊ केल्या असत्या तर बरोबरी झाली असती. मोडायला दहा लागत होत्या. वर्तमानपत्रांतसुद्धा 'विक्रमापासून ९ धावा दूर' असं छापतात आणि वाचणारा 'मोडायला ९' असं धरतो. तुमच्या मसुद्यात तर स्पष्ट 'मोडायला' आहे.

पंचगंगा_एंड

चौथा मुद्दा तेव्हा बरोबर होता, आत्ता नाही. डिसेंबर १९४८ मध्ये ही खेळी जगात दुसरी होती : वर ब्रॅडमन ४५२*, खाली पॉन्सफोर्ड ४३७. जानेवारी १९५९ मध्ये कराचीकडून हनीफ महंमद ४९९ वर धावबाद झाला, पाचशेवी धाव चोरताना. तेव्हा तिसरी. जून १९९४ मध्ये लाराच्या ५०१* नंतर चौथी. तेव्हापासून चौथीच आहे. म्हणून 'त्या वेळी दुसरी, आज चौथी' असं लिहा.

पाचवा मुद्दा २०२२ पर्यंत चालला असता. त्या वर्षी जुलैत ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टनं लेस्टरशायरविरुद्ध नाबाद ४१० केल्या, आणि कसोटी तोही खेळलेला नाही. अजून विकिपीडियावरून उचललेल्या निम्म्या मराठी लेखांत 'एकमेव' आहे. काढून टाका. त्याऐवजी जे आजही खरं आहे ते घ्या : भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी खेळी, आणि रणजी करंडकातली एकमेव चारशेपार.

शिवाजीपेठ_फॉरवर्ड

आमच्याकडं फुटबॉलचा फलक असता तर एवढा कीस कुणी पाडला नसता 😀 पण एक विचारतो. पृथ्वी शॉनं मध्ये ३७९ मारल्या न्हवं? मग दुसरा नंबर त्याचा का?

पंचगंगा_एंड

रणजीत हो. जानेवारी २०२३, आसामविरुद्ध गुवाहाटीत ३७९, ३८३ चेंडूंत. त्याआधी संजय मांजरेकरच्या ३७७ होत्या, १९९१ च्या. त्यामुळे रणजीत भाऊसाहेबांनंतर शॉ आणि मग मांजरेकर. मधलं अंतर ६४ धावांचं.

गंमत म्हणजे तिघांचेही चौकार ४९ : ब्रॅडमन (४५२*), निंबाळकर (४४३*), शॉ (३७९).

आकडेमोड्या

४९ चौकारांवरून पुढे जातो, कारण फलकावर खरं तर हेच यायला हवं. भाऊसाहेबांची खेळी ४९४ मिनिटांची, ४९ चौकार आणि १ षटकार. सीमापार धावा १९६ + ६ = २०२. म्हणजे ४४३ पैकी २४१ धावा पळून काढल्या.

बाकीच्या मोठ्या खेळ्या याच मापानं मोजल्या तर :

ब्रॅडमन ४५२* : ४१५ मिनिटं, सीमापार १९६, म्हणजे ४३ टक्के. ताशी ६५ धावा.
निंबाळकर ४४३* : ४९४ मिनिटं, सीमापार २०२, ४६ टक्के. ताशी ५४.
हनीफ ४९९ : ६३५ मिनिटं, ६४ चौकार, ५१ टक्के. ताशी ४७.
लारा ५०१* : ४७४ मिनिटं, ६२ चौकार १० षटकार, सीमापार ३०८, ६१ टक्के. ताशी ६३.

एक सावधगिरी. ताशी धावा चौघांच्या शेजारी शेजारी ठेवून 'हा वेगवान, तो हळू' असं ठरवू नका. लाराच्या ४७४ मिनिटांत ४२७ चेंडू पडले, तासाला ५४. चाळीसच्या दशकात षटकं यापेक्षा भराभर पडत. तेव्हा धावलेखक फलंदाजाच्या नावापुढे मिनिटं लिहीत, चेंडू नाही. म्हणून भाऊसाहेबांच्या या खेळीचा स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) कुठं दिसला तर तो कुणीतरी अंदाजपंचे घातलेला आहे, फलकावर नको.

शिवाजीपेठ_फॉरवर्ड

२४१ धावा पळून! पिच २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर. २४१ गुणिले २०.१२ = ४८४९ मीटर. पावणेपाच किलोमीटरच्या वर. ही ओळ टाका फलकावर, पोरं थांबून वाचतील.

जुनी_धाववही

ओळ चांगली आहे, माप चुकलं. २२ यार्ड हे यष्टी ते यष्टी. फलंदाज पॉपिंग क्रीजपासून (फलंदाजाच्या रेषेपासून) पॉपिंग क्रीजपर्यंत पळतो, आणि ती यष्टींच्या पुढे दोन्हीकडे ४-४ फूट असते. ६६ फुटांतून ८ वजा, राहिले ५८ फूट, १७.६८ मीटर. गुणिले २४१ = ४२६१ मीटर. बॅट टेकवून वळलं की तेवढं पुरतं.

शिवाय ही फक्त स्वतःच्या धावांची पळापळ. साथीला असलेल्या भांडारकरांच्या आणि पुढच्या साथीदारांच्या धावांसाठी पळाले ते वेगळं, बाईज-लेगबाईज वेगळे. आणि 'सीमापार' म्हणून धरलेल्या चौकारांतला एखादा पळून काढलेलाही असू शकतो, जुन्या वह्यांत दोन्ही ४ असेच मांडलेले असतात. म्हणून लिहायचंच तर 'किमान ४ किलोमीटर' लिहा. कुणी मोजपट्टी घेऊन आला तरी टिकेल.

कळंबा_रोड_ताई

भांडारकरांचं नाव मसुद्यात का नाही? दुसऱ्या गड्यासाठीची ४५५ धावांची भागीदारी दोघांची होती. कमल भांडारकर २०५. पुढे पुण्यात ते नावाजलेले प्रशिक्षक झाले. ही भागीदारी दुसऱ्या गड्यासाठी जागतिक विक्रम होती आणि १९७४ पर्यंत टिकली. तेव्हा वॉरविकशायरच्या जेमसन आणि कन्हाय यांनी नाबाद ४६५ केल्या. भारतात ती १९९१-९२ पर्यंत टिकली. आसामचे झहीर आलम आणि लालचंद राजपूत, ४७५, त्रिपुराविरुद्ध.

म्हणजे भाऊसाहेबांचा एक जागतिक विक्रम खरोखरच नावावर लागला होता, पंचवीस वर्षं. हुकलेल्याचाच गवगवा होतो.

पंचगंगा_एंड

ताई, हे अगदी खरं. आणि संघाच्या धावसंख्येतला वाटाही बघा. काठियावाड सर्वबाद २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६. दोघांच्या मिळून ६४८. उरलेल्या सगळ्यांच्या आणि अवांतर धरून १७८.

बिंदूचौकी

बरं, मग विक्रमाआधीच सामना थांबला कसा, ते एका ओळीत कसं लिहायचं? आमच्याकडं 'राजकोटच्या राजानं पळ काढला' असं सुचवलंय एकानं.

जुनी_धाववही

तसं लिहू नका. घडलं ते असं : तिसऱ्या दिवशी खेळाच्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी महाराष्ट्राला डाव घोषित करायला सांगितलं. नाहीतर आम्ही खेळत नाही, अशी भूमिका घेतली. महाराष्ट्रानं विक्रमापुरता वेळ मागितला, काठियावाडनं सामना सोडून दिला.

इथे कायदा समजून घ्या, कारण त्यावरूनच शब्द ठरतो. डाव घोषित करायचा अधिकार फक्त फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला. आजच्या नियमांत तो १५ वा नियम. क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार विनंती करू शकतो, सक्ती नाही. आणि जो संघ हार मान्य करतो किंवा खेळायला नकार देतो, तो सामना हरतो, पंच तो दुसऱ्याला बहाल करतात. आज हे १६.३ मध्ये आहे. म्हणून योग्य शब्द : 'काठियावाडने सामना सोडून दिला'. 'डाव घोषित केला' असं तर मुळीच नको. महाराष्ट्रानं डाव घोषित केलेला नव्हता, आणि फलकावर तसं गेलं तर दहा धावा आपल्याच कर्णधारानं नाकारल्या असा अर्थ निघेल.

शिवाजीपेठ_फॉरवर्ड

ब्रॅडमननं चिठ्ठी पाठवली होती की, तुझी खेळी माझ्यापेक्षा भारी म्हणून. ती टाका.

कळंबा_रोड_ताई

चिठ्ठीचा उल्लेख सगळीकडं आहे, पण तिचे शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळे छापलेले आहेत. अवतरणचिन्हात काही टाकू नका. 'ब्रॅडमनने कळवून कौतुक केले' एवढं पुरे, तेही जागा उरली तर.

मिरजकर_तिकटी

मूळ मुद्दा सातवा आहे आणि त्याला कुणी हात लावत नाही. ४४३ करून एक कसोटी मिळत नाही, हा अन्याय नाही तर काय? पुण्या-मुंबईच्या राजकारणात कोल्हापूरचा माणूस मागं पडला. हे लिहायलाच पाहिजे.

आकडेमोड्या

मिरजकर, लिहा, पण आधी तारखा बघा. वेस्ट इंडीजचा संघ तेव्हा भारतातच होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली. भाऊसाहेबांची खेळी त्याच महिन्याच्या मध्यावर. तिसरी कसोटी कलकत्त्याला ३१ डिसेंबरपासून. म्हणजे निवड करायला वेळ होता, हा तुमच्या बाजूचा मुद्दा. पण मधल्या फळीत होतं कोण? रुसी मोदी, ज्यानं त्या मालिकेत ५६० धावा केल्या. हजारे. अमरनाथ कर्णधार. अधिकारी, फडकर. वयाच्या बावीसाव्या वर्षी उमरीगर नुकताच मुंबईत पदार्पण करून बसला होता. मुश्ताक अली परत आला आणि कलकत्त्यात शतक ठोकून गेला.

ती मालिका फेब्रुवारी १९४९ मध्ये संपली. त्यानंतर भारताची पुढची अधिकृत कसोटी थेट नोव्हेंबर १९५१ मध्ये, इंग्लंडविरुद्ध. पावणेतीन वर्षं कसोटीच नाही. भाऊसाहेब २९ चे होते ते ३२ ला टेकले. फॉर्मातली वर्षं राष्ट्रकुल संघाविरुद्धच्या अनधिकृत सामन्यांच्या काळात गेली.

मिरजकर_तिकटी

वेळापत्रक मान्य. पण ४७.९३ ची सरासरी असलेला माणूस इतका का वगळायचा?

आकडेमोड्या

तीच सरासरी फोडून बघा. एकूण ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, १२ शतकं. ४८४१ भागिले ४७.९३ म्हणजे १०१ वेळा बाद. रणजीत ३६८७ धावा, सरासरी ५६.७२, म्हणजे ६५ वेळा बाद. वजाबाकी करा : रणजीबाहेर ११५४ धावा, ३६ वेळा बाद, सरासरी ३२.

रणजीबाहेर म्हणजे त्या काळात बहुतेक पाहुणे संघ, संयुक्त संघ, निवडीचे सामने. निवड समितीच्या डोळ्यासमोर तेच असायचे. तिथं ३२, आणि तेही मुंबई-बडोद्याचे सात-आठ जण रांगेत असताना. मी 'अन्याय' हा शब्द वापरणार नाही. वापरायचा त्यानं आधी या ३२ चं उत्तर द्यावं.

आणि ४४३ वजा केल्यावर रणजीची सरासरी किती? ३२४४ भागिले ६५ (नाबाद असल्यानं भाजक बदलत नाही), ४९.९. म्हणजे ती एक खेळी काढून टाकली तरी माणूस रणजीत पन्नाशीला टेकलेला आहे. 'एका खेळीचा फलंदाज' म्हणणाऱ्यांना हे दाखवा. दोन्ही टोकं चुकीची आहेत.

कळंबा_रोड_ताई

पुण्याच्या खेळपट्ट्यांचाही विचार करा. त्याच हंगामात पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना झाला : मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातल्या सर्वाधिक. महाराष्ट्र सहाशे करूनही ३५४ धावांनी हरला. असल्या विकेटवरच्या धावा निवड समिती थोड्या कापून मोजणारच.

मिरजकर_तिकटी

थोड्या कापून. चारशे कापत नाही कुणी. ताई, तुमच्या त्या २३७६ मध्ये चारशेची खेळी कुणाची आहे सांगा.

कळंबा_रोड_ताई

नाही कुणाची. सगळ्यांत मोठी २०० ची, माधव मंत्री. हा गुण तुमचा 🙂

पंचगंगा_एंड

आणि घरातच दुसरं उदाहरण आहे. थोरले बंधू रावसाहेब निंबाळकर, बडोद्याचे यष्टिरक्षक, १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले आणि कसोटी न खेळता परत आले. तिकडं यष्टिरक्षणाला हिंडलेकर होते. दोघा भावांची एक ओळ हवीच.

संघांची ओळही विसरू नका. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे. इतके संघ का, हे आजच्या पोरांना कळत नाही. करार नव्हते. नोकरी जिथं, संघ तिथं. होळकरांच्या फौजेत तर खेळाडूंना हुद्दे असत, सी. के. नायडू तिथं कर्नल. संस्थानं गेल्यावर रेल्वे : १९५८-५९ पासून रेल्वेचा संघ रणजीत आला, तिथं पगार आणि सामने दोन्ही मिळत. २५ वर्षांची कारकीर्द, १९३९-४० ते १९६४-६५, अशी जुळवून केलेली आहे. गोलंदाजीचे ५८ बळीही आहेत, मध्यमगती.

बीसीसीआयचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार २००२ चा, त्याला सालासकट जागा द्या.

बिंदूचौकी

सगळं घेतलं. अन्यायाची ओळ काढली, मिरजकर रागावले तरी चालेल. आता १२ ओळी झाल्या. ६ बाय ४ च्या पत्र्यावर बसतील का?

रंगारी_लक्ष्मीपुरी

उंची ४८ इंच. वर-खाली ३-३ इंच सोडा, राहिले ४२. शीर्षकाला ६ इंच. उरले ३६ भागिले १२, ओळीला ३ इंच. त्यात अक्षर पावणेदोन इंचाचं करा, सव्वा इंच मोकळा ठेवा. मराठीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, तेवढी जागा लागतेच. इंग्रजीच्या हिशेबानं ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत शिरतो, सगळ्या फलकांवर हेच बिघडतं. पावणेदोन इंचाचं अक्षर १५-१७ फुटांवरून आरामात वाचता येतं, रस्त्याच्या पलीकडून नाही. पलीकडून दिसायला फक्त ४४३* हा आकडा डावीकडं मोठा, १४ इंच काढा आणि मजकूर उजवीकडच्या चार फुटांत.

पत्र्याला आधी झिंक प्रायमर, वाळल्यावर इनॅमलचे दोन हात. प्रायमर चुकवला तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, आणि आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको.

बिंदूचौकी

१४ इंचाच्या आकड्याबरोबर तारा किती मोठा?

रंगारी_लक्ष्मीपुरी

चार इंच, तीनच्या उजव्या खांद्यावर. पेंटरला कागदावर काढून द्या. तोंडी सांगितलं की तो नक्षी समजून सोडून देतो.

जुनी_धाववही

आणि खाली बारीक अक्षरात '* = नाबाद' लिहा. नाहीतर नवख्याला त्या ताऱ्याचा अर्थ कळणार नाही.